गर्दी पुढच्या दारात, अडचण मागच्या दारात

(हैदराबाद येथे मंडळाच्या सभागृहात झालेल्या सभेतील भाषणाचा मजकूर)



दवाखान्यातील गर्दीवर बोलायला मंडळाने डॉक्टरांऐवजी बँकेतल्या एका कारकुनाला उभे केले, याचे काहींना नवल वाटले असेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. नाडी बघणे हे माझे काम नाही. पण गेली वीस-बावीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मी रांग पाहतो आहे. रांग कशाने लागते, कशाने वाढते आणि कशाने हलते, एवढे मला कळते. कॅज्युअल्टीतली रांग त्याच कुळातली आहे. फरक इतकाच, की बँकेत उशीर झाला तर माणूस चिडतो आणि तिथे उशीर झाला तर माणूस जातो.

आपल्यापैकी बहुतेकांनी मोठ्या सरकारी दवाखान्याची कॅज्युअल्टी रात्रीच्या वेळी कधी ना कधी पाहिली आहे. एका स्ट्रेचरवर दोघे, खाली सतरंजीवर तिसरा, सलाइनची बाटली हातात धरून उभा असलेला भाऊ, आणि त्या सगळ्यात धावणारे दोन तरुण डॉक्टर. हे पाहून आपण घरी आलो की दोन गोष्टी बोलतो. एक, 'डॉक्टर कमी आहेत.' दुसरी, 'बाहेरगावचे लोक फार येतात.' दोन्हींत तथ्य आहे, नाही असे नाही. पण आज मला जे मांडायचे आहे ते याहून निराळे आहे. कॅज्युअल्टीतली गर्दी मुख्यतः येणाऱ्यांमुळे होत नाही, अडकून पडलेल्यांमुळे होते. गर्दी पुढच्या दारात दिसते, पण अडचण मागच्या दारात असते.

हे एका सोप्या हिशेबाने सांगतो. समजा, एका कॅज्युअल्टीत तासाला १० रुग्ण येतात आणि प्रत्येक रुग्ण सरासरी ३ तास तिथे राहतो. मग कुठल्याही क्षणी आत किती रुग्ण असतील? दहा गुणिले तीन, म्हणजे ३०. आता येणारे तेवढेच राहू द्या, तासाला दहाच. पण प्रत्येकाचा मुक्काम ३ तासांऐवजी ६ तासांचा झाला, तर आत ६० रुग्ण दिसतील. बाहेरून एकही माणूस जास्त आला नाही, तरी गर्दी दुप्पट झाली. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ साली हा नियम गणिताने सिद्ध केला. दुकान, बँक, टोल नाका, दवाखाना, सगळीकडे तो लागू पडतो.

मग रुग्णाचा मुक्काम वाढतो कशाने? कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी तपासले, सलाइन लावले, रक्त तपासणीला पाठवले आणि 'दाखल करा' असे लिहिले. तिथे त्यांचे काम संपले. पण वर वॉर्डात खाट रिकामी नाही, म्हणून रुग्ण कॅज्युअल्टीतच राहतो. तो आता कॅज्युअल्टीचा रुग्ण नाही, तरी जागा तिथली अडवतो, नर्स तिथली लागते, ऑक्सिजन तिथला लागतो. असे वीस रुग्ण साचले की एकविसावा, ज्याला खरोखर त्या क्षणी हात लावायला हवा, तो दारात थांबतो.

आपल्याला नोव्हेंबर २०१६ आठवत असेल. ८ तारखेला रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि पुढचे दोन महिने आमच्या शाखेसमोर पहाटेपासून रांग. काउंटर चार होते आणि चारही उघडे होते. आम्ही जेवायलासुद्धा आळीपाळीने उठत होतो. तरी रांग हलत नव्हती. कारण काउंटरमागे देण्याजोगी रोकडच नव्हती. ती चेस्टकडून यायची, तीही थोडी, आणि तासा-दोन तासांत संपायची. आम्ही पाचवा काउंटर उघडला असता, तरी एकाही माणसाला एक नोट जास्त मिळाली नसती. पण लोकांना समोर कोण दिसत होते? काउंटरवरचा कारकून. शिव्या त्यालाच.

कॅज्युअल्टीतल्या पोरसवदा डॉक्टरचे तेच होते. खाट त्याच्या हातात नाही, पण कॉलर त्याची धरली जाते. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध आपल्याकडे, म्हणजे त्या वेळच्या आंध्र प्रदेशात, २००८ साली कायदा करावा लागला. महाराष्ट्राने २०१० साली केला. कायदा हवाच. पण रोकड न देता काउंटरवर पोलीस बसवावा, तसलाच तो उपाय आहे.

आता आपल्या शहराकडे पाहू. या शहराने देशाला एक मोठी देणगी दिली आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली आणि नंतर राज्याराज्यांत पसरली. याचा आपल्याला अभिमान आहे. या सेवेने हजारो माणसे वेळेवर दवाखान्याच्या दारापर्यंत आणली. म्हणजे पुढचा दरवाजा रुंद झाला. मागचा झाला का?

अफझलगंजच्या उस्मानिया दवाखान्याचे उदाहरण घ्या. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुरात जिच्या फांद्यांवर बसून सुमारे दीडशे माणसे वाचली, ती चिंच याच दवाखान्याच्या आवारातली. आपल्या जुन्या घरांत ही गोष्ट आजीच्या तोंडून ऐकलेली असते. पुरानंतर सातव्या निजामाने मुसीच्या काठी तो भव्य दवाखाना उभारला. २०२० साली काय झाले? कोरोनामुळे गांधी दवाखाना फक्त कोरोनाच्या रुग्णांसाठी राखला गेला. साहजिकच इतर आजारांच्या रुग्णांचा भार उस्मानियावर आला. आणि त्याच वर्षी जुलैच्या पावसात उस्मानियाच्या जुन्या इमारतीत पाणी शिरले, वॉर्डांत पाणी साचले आणि ती इमारत रिकामी करून बंद करावी लागली. वॉर्ड आटले, येणारे आटले नाहीत. ३१ जानेवारी २०२५ रोजी गोशामहलला दोन हजार खाटांच्या नव्या उस्मानियाची पायाभरणी झाली. आनंदाची गोष्ट आहे. पण खाटा दोन हजार असोत की चार हजार, त्या सकाळी किती वाजता रिकाम्या होतात हा प्रश्न नव्या इमारतीतही राहणारच.

आपल्यातील अनेकांची मुळे नांदेड, परभणी, बीड, लातूरकडची. १९५६ पर्यंत ते सारे याच हैदराबाद संस्थानात आणि राज्यात होते, आणि आजही तिकडचा रुग्ण गंभीर झाला की गाडी बऱ्याचदा हैदराबादच्या दिशेला वळते. त्याच नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या दरम्यान २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. पुढच्या दोन दिवसांत हा आकडा ३१ वर गेला. २८ सप्टेंबरच्या अनंत चतुर्दशीपासून २ ऑक्टोबरपर्यंत सुट्ट्यांची माळ लागलेली होती. मंजूर खाटांपेक्षा कितीतरी अधिक रुग्ण दाखल होते. लांबलांबच्या तालुक्यांतून रुग्ण शेवटच्या अवस्थेत येतात, खाजगीत पैसा संपला की इकडे पाठवले जातात, असे रुग्णालयाकडून सांगण्यात आले. औषधांच्या तुटवड्याचीही चर्चा झाली. आणि त्यावर तातडीने दिसलेला उपाय कोणता? एका खासदार महाशयांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांच्याकडून शौचालय साफ करून घेतले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! शौचालय स्वच्छ असावे, यात वाद नाही. पण त्या बारा बाळांसाठी खाट, नर्स आणि औषध कमी का पडले, या प्रश्नाला झाडू हे उत्तर नव्हे.

'खाट नाही' या दोन शब्दांवर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी निकाल दिला आहे. तो प्रत्येक नागरिकाला ठाऊक असायला हवा. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमधील मथुरापूर स्थानकावर हकीम शेख नावाचा शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार लागला, मेंदूत रक्तस्राव झाला. गावच्या आरोग्य केंद्रात सोय नव्हती म्हणून त्याला कलकत्त्याकडे नेले. तिथे एकामागून एक सरकारी दवाखाने झाले. कुठे खाट रिकामी नव्हती, कुठे त्या उपचाराची सोय नव्हती. शेवटी त्याला खाजगी रुग्णालयात दाखल करावे लागले आणि सुमारे १७ हजार रुपये खर्च आला. शेतमजुराला १९९२ सालचे १७ हजार! त्याच्या संघटनेने दाद मागितली. ६ मे १९९६ रोजी न्यायालयाने सांगितले, की वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या कलम २१ ने दिलेल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही. हकीम शेख यांना २५ हजार रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला.

पण मला त्या निकालातला दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. न्यायालयाने नुसती भरपाई देऊन हात झटकले नाहीत. प्राथमिक केंद्रात प्रथमोपचाराची सोय असावी, जिल्हा आणि तालुका पातळीवरील दवाखाने सक्षम करावेत, आणि राज्य पातळीवर अशी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा असावी की कुठे खाट रिकामी आहे हे लगेच कळून रुग्ण थेट तिथेच जाईल, असे उपाय त्यात नमूद केले. आज माझ्या बँकेच्या कुठल्याही शाखेत बसून देशातल्या कुठल्याही खात्याची शिल्लक मला क्षणात दिसते. मग एका शहरातल्या दवाखान्यांत किती खाटा रिकाम्या आहेत, हे रुग्णवाहिकेच्या चालकाला का दिसू नये?

कुणी म्हणेल, ही गरीब देशाची रडगाणी आहेत. आपल्या घरोघरची मुले आता इंग्लंडला आहेत, त्यांना विचारा. तिथे कॅज्युअल्टीत आलेल्या रुग्णाचा निकाल ४ तासांत लागला पाहिजे, असे उद्दिष्ट २००४ पासून लागू झाले. आधी ९८ टक्के आणि २०१० पासून ९५ टक्के रुग्णांसाठी. हे ९५ टक्क्यांचे उद्दिष्ट तिथे जुलै २०१५ नंतर देशपातळीवर गाठले गेलेले नाही. तिथेही दाखल केलेल्यांना वर खाट मिळत नाही. आणि वरच्या खाटांवर बरे झालेले वृद्ध पडून असतात, कारण घरी त्यांना सांभाळायला कोणी नाही. तिथल्याच संशोधकांनी १९९९ साली गणिती प्रारूप मांडून दाखवले होते, की दवाखान्यातल्या खाटा सरासरी ८५ टक्क्यांपेक्षा जास्त भरलेल्या राहिल्या की धोका सुरू होतो आणि ९० टक्क्यांपुढे खाटांची टंचाई वारंवार होते. आम्ही तिजोरीत थोडी रोकड नेहमी राखून ठेवतो, ती आळसाने नव्हे. अचानक येणाऱ्याला द्यायला काहीतरी हवे म्हणून. आपल्याकडे मात्र शंभरावर शंभर-सव्वाशे रुग्ण भरले की 'दवाखाना जोरात चालतो' असे आपण समजतो.

नीती आयोगाने दिल्लीच्या एम्सकडून करून घेतलेला अहवाल २०२१ साली आला. त्यात असे आढळले, की आपल्या दवाखान्यांत एकूण खाटांपैकी जेमतेम ३ ते ५ टक्के खाटा आपत्कालीन विभागाच्या वाट्याला आहेत. एवढ्याशा जागेत वॉर्डाची वाट पाहणारे पाच-दहा रुग्ण अडकले, की विभाग बंद पडल्यासारखाच.

आता मागचा दरवाजा कुठे अडतो ते पाहू, कारण त्यात आपलाही हात आहे. हे थोडे कडू लागेल, पण घरच्या माणसांत बोलतो आहे. मोठे डॉक्टर सकाळी दहा-अकराला फेरीला येतात. 'यांना घरी सोडा' म्हणतात. कागद तयार व्हायला दुपार होते. औषधे, शिक्के, सही यांत चार वाजतात. मग आपण काय म्हणतो? 'आज शनिवार आहे, आज नको.' 'आज अमावास्या आहे, उद्या नेतो.' 'मुलगा पुण्याहून परवा येतोय, तोवर राहू द्या.' 'घरी कमोडची खुर्ची नाही, वॉकर नाही, दोन दिवस थांबू.' आपल्या आजोबांच्या त्या दोन दिवसांत खाली कॅज्युअल्टीत दुसऱ्या कुणाचे तरी आजोबा स्ट्रेचरवर असतात. श्रद्धा असावी, मीही पंचांग पाहतो. पण बरे होऊन घरी जायला कुठला दिवस अशुभ असेल?

दुसरे उदाहरण बाहेरगावच्या रुग्णाचे. ड्रेसिंगला दिवसाआड यायचे आहे, नाहीतर तपासणीचा कागद तीन दिवसांनी मिळणार आहे. एवढ्यासाठी खाट लागत नाही. पण नांदेड-बिदरचा माणूस रोज ये-जा कशी करणार? राहायला जागा नाही, लॉजला पैसे नाहीत. मग डॉक्टर दया करून खाट ठेवतात, किंवा माणूस दवाखान्याच्या भिंतीला टेकून फुटपाथवर झोपतो. हे दुखणे गाडगेबाबांनी फार आधी ओळखले होते. त्यांनी पंढरपूर, आळंदीला धर्मशाळा बांधल्याच, पण मुंबईला जे. जे. रुग्णालयाजवळही बांधली, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कॅन्सरचे रुग्ण राहतात आणि उपचारांपुरते दवाखान्यात जातात. हा मागचा दरवाजा रुंद करण्याचाच मार्ग आहे, आणि तो सरकारने नव्हे, समाजाने काढलेला आहे.

म्हणून आपल्या मंडळापुढे मी तीन कामे ठेवतो.

पहिले, रुग्णसाहित्य केंद्र. वॉकर, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, डोक्याकडून उचलता येणारी खाट, ऑक्सिजनचे यंत्र. अनामत ठेवून वापरायला द्यायचे आणि काम झाले की परत घ्यायचे. आपल्या कित्येक घरांत माळ्यावर अशा वस्तू धूळ खात आहेत. त्या खाली काढल्या तरी केंद्र सुरू होईल. हिशेबाची वही मी ठेवीन.

दुसरे, दोन खोल्या. आपल्या वास्तूत लग्नाच्या हंगामाखेरीज ज्या दोन खोल्या कुलपात असतात, त्या मराठवाड्यातून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना अल्प दरात द्याव्यात. लग्नाचे भाडे बुडेल, ही शंका रास्त आहे. मी मागचे हिशेब पाहिले आहेत. वर्षातले बहुतेक दिवस त्या खोल्यांपासून मंडळाला एक रुपयाही मिळत नाही.

तिसरे, घरोघरी थोडे शहाणपण. छातीत दुखणे, अपघात, श्वास लागणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय एका बाजूने लुळा पडणे, बोबडी वळणे, असे झाले तर क्षणभर न थांबता १०८. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, म्हणून 'सकाळी बघू' म्हणायचे नाही. साधा ताप-खोकला, जुने दुखणे, ड्रेसिंग यांसाठी मात्र घरचे डॉक्टर आहेत, २०१८ पासून आपल्या शहरात सुरू झालेले बस्ती दवाखाने आहेत. आणि कॅज्युअल्टीत आपल्यामागून आलेल्याला आधी आत घेतले, तर भांडायचे नाही. बँकेत टोकनचा क्रम असतो, तिथे जिवाच्या धोक्याचा क्रम असतो आणि तोच असायला हवा.

राहिला राजकारणाचा भाग. आपले पत्रक राजकीय आहे आणि मतांसाठी आपल्या दारी सगळेच पक्ष येतात. येतात तेव्हा रुग्णवाहिकेला हिरवा झेंडा दाखवल्याचे फोटो दाखवतात, नव्या इमारतीचे चित्र दाखवतात. आपण चहा देतो, टाळ्या वाजवतो. यापुढे चहा जरूर द्या, पण एक आकडा मागा. 'साहेब, आज सकाळी आठ वाजता तुमच्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत असे किती रुग्ण होते, ज्यांना दाखल करायचे ठरले आहे पण वॉर्डात खाट मिळालेली नाही?' बस्स, एवढाच आकडा. आम्ही बँकेत रोज संध्याकाळी रोकड जुळवल्याशिवाय घरी जात नाही. एक रुपया कमी पडला तरी थांबतो. दवाखान्याने हा एक आकडा रोज सकाळी फळ्यावर लिहावा. तो आकडा वाढू लागला की समजावे, वॉर्डातून माणसे वेळेवर घरी जात नाहीत, खाटा कमी आहेत किंवा नर्स कमी आहेत. मग कुठे खर्च करायचा, हे सरकारला आपोआप कळेल आणि आपल्यालाही कळेल की ते करतात की नाही. आकडा लिहायला पैसे लागत नाहीत, इच्छा लागते.

अध्यक्ष महोदय, वेळ संपत आला आहे. मी सभेपुढे ठराव मांडतो. मंडळाने येत्या गुढीपाडव्यापासून रुग्णसाहित्य केंद्र सुरू करावे, मागच्या दोन खोल्या एका वर्षासाठी रुग्णांच्या नातेवाइकांना द्याव्यात, आणि आपल्या भागातील आमदार व नगरसेवकांना वरील आकडा रोज जाहीर करण्याची मागणी करणारे पत्र मराठी, तेलुगू आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत द्यावे, कारण त्या रांगेत तिन्ही भाषांची माणसे उभी असतात. अनुमोदनासाठी कुणीतरी हात वर करावा, अशी विनंती करतो आणि रजा घेतो.